'देव नाही, पण काहीतरी शक्ती आहे' : नास्तिकांची मोजणी करण्याआधी

माझ्या पहिल्या प्रश्नावलीत अकराव्या क्रमांकाचा प्रश्न अगदी साधा होता : 'तुम्ही देव मानता का?' खाली दोन चौकटी, 'हो' आणि 'नाही'. पायलटच्या वेळी एका निवृत्त शिक्षकांनी क्षणाचाही विचार न करता 'नाही'वर खूण केली. मी वहीत त्यांच्या क्रमांकापुढे 'नास्तिक' लिहून मोकळी झाले. तासाभरानं चहा घेऊन निघाले, तेव्हा दारापर्यंत सोडायला आलेले सर म्हणाले, "देवबिव काही नसतं हो. पण काहीतरी शक्ती आहे, एवढं मात्र नक्की."

आता वहीतल्या त्या शब्दाचं काय करायचं? खोडायचा की ठेवायचा? गाईडना विचारलं तर त्यांनी मलाच उलट विचारलं, "तू त्यांना नेमकं काय विचारलं होतंस?"

नास्तिक माणसं देव, भुतं-आत्मे आणि 'शक्ती' यांबद्दल काय मानतात, यावर बऱ्यापैकी संशोधन झालेलं आहे. ते वाचताना लक्षात येतं की निम्मी भांडणं निष्कर्षांची नसून प्रश्नांच्या शब्दांची आहेत. तुम्ही सिनॉप्सिसच्या तयारीत असाल आणि श्रद्धा, धर्म, अंधश्रद्धा असा काही विषय डोक्यात असेल, तर हे आधी वाचा. मी उशिरा वाचलं.

'मानणे' या क्रियापदाची गंमत

सुरुवात आपल्या भाषेपासून करू. 'आम्ही खंडोबाला मानतो' असं कुणी म्हणतं तेव्हा ते खंडोबाच्या अस्तित्वाबद्दल मत देत नसतात. आमची त्याच्यावर भक्ती आहे, आमच्याकडे त्याचे कुळाचार होतात, असं ते सांगत असतात. 'मी नवस मानत नाही' म्हणणारा माणूस नवस नावाची गोष्टच नाही असं म्हणत नाही, त्याचा उपयोग नाही असं म्हणतो. 'मी त्याला मानत नाही' हे तर आपण जिवंत माणसाबद्दलही बोलतो.

म्हणजे 'देव मानता का?' या माझ्या प्रश्नात किमान दोन प्रश्न लपलेले होते. देव अस्तित्वात आहे असं तुम्हाला वाटतं का? आणि तुम्ही त्याची भक्ती करता का? देव आहे, पण मला त्याची गरज नाही, असं म्हणणारा माणूसही 'नाही'वरच खूण करणार. मोजमापाच्या भाषेत याला वैधतेचा प्रश्न म्हणतात. जे मोजतोय असं आपल्याला वाटतं, तेच खरोखर मोजलं जातंय का?

'नास्तिक' या शब्दाचंही तसंच आहे. आज आपण तो 'देव न मानणारा' या अर्थानं वापरतो. पण भारतीय दर्शनांच्या परंपरेत वेदांचं प्रामाण्य न मानणारा तो नास्तिक. म्हणून चार्वाक, बौद्ध आणि जैन नास्तिक ठरले. सांख्य आणि पूर्वमीमांसा या दर्शनांत जगाचा निर्माता ईश्वर लागत नाही, तरी वेद मान्य असल्यामुळे ती आस्तिक राहिली. पाणिनीच्या सूत्रावरचे टीकाकार आणखी वेगळा अर्थ देतात : परलोक आहे असं मानणारा आस्तिक, नाही म्हणणारा नास्तिक. एकाच शब्दाच्या तीन कसोट्या झाल्या : वेद, परलोक, ईश्वर. एकीत नापास झालेला दुसरीत पास होऊ शकतो.

'अज्ञेयवादी' हा शब्द ज्या इंग्रजी शब्दासाठी आपण घेतला, तो टी. एच. हक्सली यांनी १८६९ मध्ये घडवला. आपल्याकडे अज्ञेयवादी म्हणजे तळ्यात-मळ्यात करणारा, असा समज आहे. तो बरोबर नाही. देव आहे की नाही हे जाणता येणार नाही, ही ज्ञानाबद्दलची भूमिका झाली. देव आहे असं वाटतं की नाही, ही विश्वासाबद्दलची. दोन्ही एकाच माणसात एकत्र राहू शकतात. 'खात्रीनं सांगता येणार नाही, पण मला तरी वाटत नाही' हे कितीतरी जणांचं प्रामाणिक उत्तर असतं आणि हो-नाहीच्या चौकटीत त्याला जागा नसते.

लेबल एक, विश्वास दुसरा

आता आकड्यांकडे येऊ. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरनं डिसेंबर २०१७ मध्ये चार हजार सातशेहून अधिक प्रौढांचा सर्वे केला आणि निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांनी पहिल्या प्रश्नावर न थांबता पुढचा प्रश्नही विचारला, म्हणून तो आपल्या कामाचा आहे.

'देवावर विश्वास आहे का?' याला ८० टक्के लोक हो म्हणाले, १९ टक्के नाही. मग 'हो'वाल्यांना विचारलं की हा देव बायबलमध्ये वर्णन केलेला का? सगळ्या प्रौढांपैकी ५६ टक्क्यांनी त्याला हो म्हटलं. २३ टक्के म्हणाले की आम्ही दुसरी एखादी उच्च शक्ती मानतो. 'नाही'वाल्यांनाही विचारलं : विश्वात एखादी आध्यात्मिक शक्ती तरी आहे का? १९ पैकी ९ टक्के तिथं हो म्हणाले. कशावरच विश्वास नाही असे उरले १० टक्के.

म्हणजे एक जादा प्रश्न विचारला आणि 'देव न मानणाऱ्यां'ची संख्या जवळपास अर्ध्यावर आली. माझे शिक्षक त्या ९ टक्क्यांच्या गटात बसले असते.

आणखी एक आकडा बघा. जे स्वतःची ओळख 'नास्तिक' अशी करून देतात, त्यांच्यातही १८ टक्के लोकांनी एखाद्या उच्च शक्तीवर विश्वास असल्याचं सांगितलं. ८१ टक्क्यांनी काहीच नाही असं सांगितलं. अज्ञेयवादी म्हणवणाऱ्यांत शक्ती मानणारे सुमारे दोन तृतीयांश निघाले. 'नास्तिक' हे लेबल आणि 'अलौकिक काहीच नाही' हा विश्वास यांत बराच मेळ आहे, पण त्या दोन एकच गोष्टी नाहीत. थिसिसमध्ये एकीच्या जागी दुसरी वापरली तर व्हायवाला अडकाल.

देव नाही, मग भूत?

देव हा अलौकिक गोष्टींच्या यादीतला फक्त एक नग आहे. बाकी यादीचं काय? हा प्रश्न 'अंडरस्टँडिंग अनबिलीफ' या आंतरराष्ट्रीय प्रकल्पानं विचारला. इंग्लंडमधल्या केंट विद्यापीठातून तो चालला. ब्राझील, चीन, डेन्मार्क, जपान, ब्रिटन आणि अमेरिका या सहा देशांतल्या नास्तिक आणि अज्ञेयवादी लोकांबद्दलचा त्यांचा अहवाल २०१९ मध्ये आला.

त्यांनी माणसाला लेबल विचारून गटात टाकलं नाही. 'मी देवावर विश्वास ठेवत नाही' अशा स्वरूपाचं विधान जो निवडतो तो त्यांच्या दृष्टीनं नास्तिक. मग त्या माणसांना मृत्यूनंतरचं जीवन, पुनर्जन्म, फलज्योतिष, गूढ शक्ती असलेल्या वस्तू आणि व्यक्ती, कर्म, 'हे व्हायचंच होतं' ही भावना, अशा गोष्टींबद्दल वेगवेगळं विचारलं.

त्यातून निघालेल्या तीन गोष्टी लक्षात ठेवा. एक, सहाही देशांत देव न मानणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी या यादीतलं काही ना काही मान्य केलं. यातलं काहीच नाही असं म्हणणारे पक्के निसर्गवादी प्रत्येक देशात अल्पसंख्य होते. दोन, यांतल्या अनेकांनी स्वतःसाठी 'नास्तिक' हा शब्द निवडलाच नाही. तीन, आयुष्यात काय महत्त्वाचं असं विचारल्यावर कुटुंब, स्वातंत्र्य यांसारखी मूल्यं त्यांनीही सांगितली आणि सर्वसाधारण जनतेनंही. देव सुटला की सगळी मूल्यं सुटतात, हा समज या डेटात टिकत नाही.

एक धोक्याची सूचना. 'नास्तिकही भुतं मानतात' असा मथळा यातून सहज काढता येतो आणि काढलाही जातो. तो चुकीचा आहे. देव न मानणाऱ्यांतले काही जण एखादी अलौकिक गोष्ट मानतात, एवढंच इथं दिसतं. 'काही जण' पुसून 'नास्तिक' लिहिलं की ते संशोधन राहत नाही, टोमणा होतो.

भारताचे आकडे काय सांगतात आणि काय सांगत नाहीत

२०११ च्या जनगणनेत स्वतःचा धर्म विचारल्यावर 'नास्तिक' अशी नोंद करवून घेणारे देशभरात सुमारे ३३ हजार होते, त्यांत सर्वाधिक महाराष्ट्रात. १२१ कोटींत ३३ हजार. याशिवाय 'धर्म नमूद नाही' या रकान्यात सुमारे २८ लाख ७० हजार लोक होते.

पण जनगणनेचा प्रश्न काय होता? तुमचा धर्म कोणता? देवावर विश्वास आहे का, हे कुणी विचारलंच नाही. त्यातून घरात एकच व्यक्ती सगळ्यांची माहिती देते. देव न मानणारी मुलगी घरच्या यादीत वडिलांच्या तोंडून सरळ 'हिंदू' किंवा 'मुस्लिम' म्हणून जाते. म्हणून ३३ हजार हा नास्तिकांचा आकडा म्हणून वापरू नका. धर्माच्या जागी हा शब्द ज्यांच्यासाठी लिहिला गेला, त्यांचा तो आकडा आहे.

प्यूनं नोव्हेंबर २०१९ ते मार्च २०२० या काळात भारतात १७ भाषांमधून जवळपास ३० हजार प्रौढांच्या मुलाखती घेतल्या. त्यात ९७ टक्के लोकांनी देवावर विश्वास असल्याचं सांगितलं. पण बौद्धांमध्ये एक तृतीयांश लोक नाही म्हणाले. २०११ च्या जनगणनेनुसार देशातल्या सुमारे ८४ लाख बौद्धांपैकी ६५ लाखांच्या आसपास महाराष्ट्रात होते, हे लक्षात घेतलं की हा आकडा आपल्या अंगणातला होतो. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षेच्या वेळी बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव न मानण्याची प्रतिज्ञा आहे. म्हणजे आपल्याकडे देव न मानणं आणि धर्म असणं एकाच घरात नांदतं. 'धर्म' आणि 'देव' हे एकच व्हेरिएबल धरणारी परदेशी प्रश्नावली जशीच्या तशी उचलली, तर हे घर तिच्यात मावणार नाही.

लोक खरं सांगतात का?

समजा प्रश्न बरोबर विचारला. उत्तर खरं येईलच असं नाही. शेजारच्या खोलीत सासूबाई बसलेल्या असताना 'मी देव मानत नाही' असं किती सुना मोठ्यानं बोलतील?

यावर एक हुशार पद्धत आहे, तिला यादी-प्रयोग म्हणू. सॅम्पलचे यदृच्छेनं दोन गट करायचे. पहिल्या गटाला तीन साधी विधानं द्यायची, उदाहरणार्थ : मला दुचाकी चालवता येते, मी शाकाहारी आहे, माझ्या घरी मांजर आहे. विचारायचं एवढंच की यांतली किती विधानं तुम्हाला लागू पडतात? कोणती, ते सांगायचं नाही, फक्त आकडा. दुसऱ्या गटाला हीच तीन आणि चौथं : माझा देवावर विश्वास नाही. समजा पहिल्या गटाची सरासरी १.४० आली आणि दुसऱ्याची १.५२ (हे आकडे माझे, समजावण्यापुरते). फरक ०.१२. म्हणजे दुसऱ्या गटात सुमारे १२ टक्के लोकांना चौथं विधान लागू पडतं. कोण ते आपल्याला कळत नाही, कळायची गरजही नाही.

विल गर्वे आणि मॅक्झिन नाजल यांनी हीच पद्धत वापरून २०१८ मध्ये अमेरिकेबद्दलचा पेपर प्रसिद्ध केला. नेहमीच्या फोनवरच्या पाहण्यांत नास्तिक ३ ते ११ टक्के येत. यांचा अंदाज आला २६ टक्के. अर्थात या पद्धतीत अनिश्चितता मोठी असते, त्यामुळे २६ हा आकडा दगडावरची रेघ समजू नका. थेट विचारल्यावर बरेच जण लपवत असावेत, एवढा निष्कर्ष मात्र भक्कम वाटतो. ही पद्धत वापरायची असेल तर सॅम्पल मोठं लागतं. साठ जणांवर करून उपयोग नाही.

'आतून सगळेच आस्तिक' हा मुद्दा

चर्चेत कुणीतरी म्हणतंच, "संकट आलं की सगळ्यांना देव आठवतो." याला पुरावा म्हणून दोन अभ्यास पुढे केले जातात. दोन्ही चांगले आहेत आणि दोन्ही सैल हातानं वापरले जातात.

पहिला फिनलंडमधला, मारियाना लिंडेमन आणि सहकाऱ्यांचा, २०१४ चा. त्यांनी नास्तिक आणि धार्मिक लोकांना मोठ्यानं वाक्यं वाचायला लावली. काहींत देवाला आव्हान होतं की माझं किंवा माझ्या माणसांचं अमुक वाईट करून दाखव. वाचताना त्वचेची विद्युतवाहकता मोजली, कारण मनावर ताण आला की हातांना बारीक घाम येतो. तोंडी विचारल्यावर नास्तिक म्हणाले की आम्हाला फारसं काही वाटलं नाही. त्वचेनं मात्र धार्मिकांइतकाच ताण दाखवला.

मग नास्तिक आतून घाबरतात का? संशोधकांनी पुढे देवाचं नाव न घेता तसंच वाईट घडो, अशी इच्छा व्यक्त करणारी वाक्यंही दिली. नास्तिकांचा ताण देवाच्या वाक्यांना त्यांहून जास्त होता. म्हणजे 'देव' या शब्दानं काहीतरी भर टाकली. पण ती भर श्रद्धेचीच, हे सिद्ध होत नाही. लहानपणीची सवय, आजूबाजूच्यांचा धाक, शब्दाचं वजन, काहीही असू शकतं. 'असं अभद्र बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते' हे ऐकत वाढलेल्या माणसाची जीभ वास्तुपुरुष न मानताही अडखळते. शिवाय सॅम्पल लहान होतं.

दुसरा अभ्यास एलिसा यार्नेफेल्ट, कॅटलिन कॅनफिल्ड आणि डेबोरा केलेमन यांचा, २०१५ चा. डोंगर, झाडं यांसारख्या निसर्गातल्या गोष्टींची चित्रं दाखवून विचारलं : हे कुणीतरी हेतूनं बनवलंय का? उत्तराला अगदी थोडा वेळ दिला, तेव्हा धर्म न मानणाऱ्यांचीही 'हो' उत्तरं वाढली. यातून घाईतली अंतःप्रेरणा आणि विचारपूर्वक धरलेलं मत वेगळी असू शकतात, हे दिसतं. पण त्यांतलं खरं मत कोणतं, हे घड्याळ ठरवू शकत नाही. अंधारात दोरी पाहून दचकणारा माणूस दोरीला साप 'मानतो' असं आपण म्हणत नाही.

कावळा शिवण्याची वाट

पायलटमध्येच एक बाई भेटल्या. देव नाही, आत्मा नाही, शक्तीही नाही, सगळ्यांना स्वच्छ नकार. वडिलांच्या दहाव्याला मात्र त्या घाटावर दीड तास पिंडाला कावळा शिवायची वाट बघत उभ्या होत्या. मी विचारलं, का? म्हणाल्या, "आईला तिथून हलायचं नव्हतं."

पहिल्या मसुद्यात मी त्यांच्या नोंदीपुढे 'विसंगती' असा शेरा मारला होता. तो माझ्या प्रश्नावलीचा दोष होता, त्यांचा नव्हे. विश्वास, आचार आणि नात्यातली बांधिलकी या तीन गोष्टी मी एका ओळीत कोंबल्या होत्या. आचारावरून विश्वास काढायचा नाही आणि विश्वासावरून आचार काढायचा नाही. दोन्ही वेगळे विचारायचे आणि मग त्यांचं नातं बघायचं.

मी काय बदललं

आता माझ्या प्रश्नावलीत अकरावा प्रश्न एक नाही, पाच आहेत.

१. देव अस्तित्वात आहे असं तुम्हाला वाटतं का? (पाच पायऱ्यांचं उत्तर, 'खात्रीनं सांगता येत नाही' धरून)
२. भूत, आत्मा, पितर यांबद्दल, प्रत्येकाचं वेगळं.
३. कर्म, दैव, ग्रहयोग यांबद्दल, हेही वेगवेगळं.
४. घरात किंवा बाहेर कोणते विधी करता? कुणासाठी?
५. स्वतःसाठी कोणता शब्द वापराल? हा सगळ्यात शेवटी, नाहीतर आधी लेबल निवडलेला माणूस पुढची उत्तरं त्या लेबलाला शोभतील अशी देतो.

'शक्ती' हा शब्द कुणी उच्चारला तर त्यापुढे तीन उपप्रश्न : ती तुम्हाला ओळखते का? तुमचं ऐकते का? चांगल्या-वाईटाचा हिशोब ठेवते का?

सॅम्पलबद्दल दोन गोष्टी. नास्तिक शोधायला फक्त विवेकवादी संघटनांकडे गेलात तर लेबल अभिमानानं लावणारेच मिळतील, घरात गप्प बसणारे मिळणार नाहीत. आणि अंधश्रद्धा निर्मूलनाचे सगळे कार्यकर्ते नास्तिक धरू नका. देव आणि धर्माला आमचा विरोध नाही, त्यांच्या नावानं होणाऱ्या शोषणाला आहे, ही अंनिसची जाहीर भूमिका आहे.

गोपनीयता तर पाळाच, ती फॉर्मवरच्या सहीपुरती ठेवू नका. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात झाला, हे आपल्या उत्तरदात्यांना ठाऊक असतं. 'मी देव मानत नाही' हे वाक्य कुणी आपल्याला विश्वासानं सांगितलं असेल, तर त्याच्या गावाचं नाव, हुद्दा, वय असे तपशील एकत्र छापून त्याला उघडं पाडायचं नाही.

सुधारलेली प्रश्नावली घेऊन मी त्या शिक्षकांकडे पुन्हा गेले. शक्ती तुमचं ऐकते का, असं विचारल्यावर ते हसले. "ऐकते कसली? गुरुत्वाकर्षण कुणाचं ऐकतं का? निसर्गाचे नियम म्हणा हवं तर." त्याच आठवड्यात दुसऱ्या एका गृहस्थांनी शब्दशः तेच वाक्य म्हटलं होतं, देव नाही पण शक्ती आहे. त्यांची शक्ती मात्र सगळं बघत होती आणि ज्यानं त्यांची जमीन लाटली त्याचा हिशोब चुकता करणार होती.

एकच वाक्य, दोन वेगळी विश्वं. जुन्या प्रश्नावलीत दोघांपुढे एकच खूण पडली असती आणि मी त्या खुणांची टक्केवारी काढून पानभर चर्चा लिहिली असती.

शिक्षकांच्या क्रमांकापुढचा 'नास्तिक' हा शब्द मी शेवटी खोडला. पाचव्या प्रश्नाला त्यांनी स्वतःसाठी वेगळाच शब्द दिला होता : 'विज्ञानाचा मास्तर'. आता तोच तिथं आहे.